वर्षाला एकच ओहोटी

या मननासाठी घराबाहेर पडायचं नाही. खुर्चीत, ओट्यावर, गच्चीत, जिथे अर्धा तास कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसा. पाय मात्र जमिनीला टेकलेले असू द्या, कारण काम त्यांचंच आहे. जायचं आहे गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला, आणि तिथून झाडीतून एकट्याने चालत इटियाडोहाच्या पाण्यापर्यंत.

मनातल्या मनात का, ते आधी सांगतो. हा मुलूख वाघाचा आहे. नवेगाव आणि नागझिरा मिळून 2013 साली व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात पायी भटकायला परवानगी नाही, आणि गाभ्याबाहेर वाघ येणारच नाही असंही नाही. शेजारच्या वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी या भागांत 13 माणसं मारणारा ‘सीटी-1’ नावाचा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडशाच्या जंगलात पकडला गेला. जंगलात एकट्याने चालण्याची हौस शहरातल्या माणसाची. इथल्या बाया मोहफुलांना, सरपणाला जातात त्या चौघीपाचजणी मिळून आणि मोठमोठ्याने बोलत. त्या गप्पा असतात आणि पहाराही असतो. तेव्हा एकटेपणाची हौस आपण मनात भागवू आणि पाय घरात ठेवू. यात काही कमी पडतं असं मला वाटत नाही.

दिवस फाल्गुनातले. महाशिवरात्र होऊन गेली आहे. यात्रेच्या दिवसांत हा डोंगर माणसांनी फुललेला असतो. महादेवाचे पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, गावोगावहून गाणी म्हणत येतात. वर महादेव आहे, आणि याच प्रतापगडावर ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. एकाच वाटेने येणारी माणसं दोन्हीकडे माथा टेकवून उतरतात. किल्ल्याचं म्हणाल तर साताऱ्याच्या प्रतापगडाशी याचा नावापुरताच संबंध. इतिहासाची पुस्तकं इकडे फारशी फिरकली नाहीत आणि डोंगरालाही त्याचं काही वाटत नसावं.

आता गर्दी नाही. पायथ्याशी उभे राहा. नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या, चपलांनी गुळगुळीत झालेली माती. ही वाट तुमच्यासाठी कुणी केलेली नाही, तरी तुम्हाला मिळाली आहे. पहिलं पाऊल टाकण्याआधी एवढंच पाहा की पायाखालची माती किती पायांनी दाबलेली आहे. मग डोंगराला पाठ करा आणि झाडीत शिरा.

पहिल्या काही पावलांत तुम्हाला स्वतःचाच आवाज ऐकू येईल. सागाची पानं गळून पडली आहेत, सुपाएवढी, वाळून कडक झालेली. पाऊल पडलं की पान मोडतं आणि तो आवाज झाडीभर जातो. वाघसुद्धा या दिवसांत पाचोळा टाळून बैलगाडीच्या मोकळ्या वाटेने चालणं पसंत करतो. इथे लपून चालता येत नाही. आवाज न करण्याचा प्रयत्न सोडून द्या. पाऊल टाका, आवाज पूर्ण होऊ द्या, तो विरला की दुसरं टाका. घाई केली तर दोन आवाज एकमेकांत मिसळतात आणि तिसरं काहीच ऐकू येत नाही. दोन पावलांच्या मध्ये थोडी जागा ठेवली की त्या जागेत बरंच काही येऊन बसतं. तांबटाचं एकसुरी ठोकणं, सुतार पक्ष्याची टकटक, लांबून कुठल्या तरी गुराच्या गळ्यातल्या लाकडी घंटेचा बोदा आवाज. काही वेळ फक्त एवढंच करा. पाऊल, आवाज, जागा.

आता मान वर करा. आकाश दिसतं आहे. पुस्तकांत, चित्रपटांत भेटणारं जंगल बहुधा पावसाळी, सदाहरित असतं. आंबोलीत किंवा कर्नाटकातल्या अगुंब्यात तुम्ही असता तर छत इतकं दाट असतं की उजेडाचा शंभरातला एखाददुसरा भागच जमिनीवर पोचला असता. इथे जंगल वर्षातून दोन वेगळी जंगलं होतं. श्रावणात हीच झाडी काळीशार, ओली, दहा पावलांपलीकडचं न दाखवणारी. फाल्गुनात उघडी, राखाडी, आरपार. जून ते सप्टेंबरात जो पाऊस पडतो त्यावर उरलेले आठ महिने काढायचे असतात, म्हणून झाडं पानं टाकतात. पान म्हणजे पाणी उडून जाण्याचं दार. दारं बंद करून झाड पावसाची वाट पाहतं.

आणि नेमकं इथेच हे जंगल आपला तर्क मोडतं. पाणी वाचवायचं तर पाऊस पडेपर्यंत थांबायला हवं. पण तो कुसुम पाहा, ऐन कोरड्या दिवसांत लालभडक कोवळी पानं घेऊन उभा आहे. पळस फुललाय. येत्या काही आठवड्यांत, ऊन सर्वांत कडक होईल तेव्हा, कितीतरी झाडं पालवतील. पाऊस अजून दोन-तीन महिने लांब आहे. हे पाणी येतं खोल गेलेल्या मुळांतून आणि खोडातल्या साठ्यातून. वाटेच्या कडेला एक झाड असेल, मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची साल असलेलं. तो ऐन, इकडचा येन. 2024 साली आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी या जातीच्या एका झाडाच्या खोडाला छेद दिला तर उन्हाळ्याच्या तोंडाशी पाण्याची धार लागली. आपण छेद द्यायचा नाही. सालीवर तळवा ठेवा. तळव्याला ती कोरडी लागेल, खरखरीत, उन्हाने कोमट. आत काय आहे ते तळव्याला कळणार नाही. हात तसाच ठेवून थोडं थांबा. आपल्याला न कळणारं काहीतरी हातभर अंतरावर चाललेलं आहे, एवढ्यापाशी मनाला राहता येतं का ते पाहा. माझं मन लगेच स्पष्टीकरण मागतं. तुमचंही मागेल. मागू द्या, देऊ नका.

चला. वाट आता फुटते. एक डावीकडे उतरते, एक सरळ जाते, आणि तिसरी आहे की गुरांनी पाडलेली फट आहे हे कळत नाही. इकडची म्हातारी माणसं अशा ठिकाणी चकवा सांगतात. माणूस चालत राहतो, चालत राहतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. शहरात हे ऐकून लोक हसतात. हसू नये. 2009 साली यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका मोठ्या, सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा उपग्रहावरून मोजल्या. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगांनी तो झाकला तसे जंगलातले चालणारे गोल फिरले, आपलीच वाट पुन्हा ओलांडून गेले, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधल्यावर तर वर्तुळं आणखी लहान झाली. सरळपणा आपल्या अंगात नाही, तो बाहेरून घ्यावा लागतो, सूर्याकडून, डोंगराकडून, पाण्याच्या उताराकडून.

म्हणून फाट्यावर उभे राहून निर्णय घेऊ नका. मागे वळा. प्रतापगडाचा माथा झाडांच्या फांद्यांमधून दिसतोय का ते पाहा. दिसला. तो पाठीशी ठेवा. आता उतार कुठे आहे ते पायांना विचारा. डोळ्यांपेक्षा पायांना उतार लवकर कळतो. पावसाचं पाणी जिकडे गेलं असेल तिकडे बारीक वाळूच्या रेषा उमटलेल्या असतात. त्या रेषांमागून जा. पाणी पाण्याकडे जातं, चकवा त्याला लागत नाही.

इथे, चालताचालता, एक वानर ओरडतं. खोकल्यासारखा, तुटक, घशातून आलेला आवाज. मग पुन्हा. इतका वेळ ठोकत असलेला तांबट थांबतो.

तुम्ही घरात बसलेले आहात. तुमच्या खोलीत वाघ नाही. तरीसुद्धा मानेच्या मागे काहीतरी हललं असेल, निदान कान टवकारले असतील. हे हलणं सोडू नका, त्याच्याकडे बघा. छातीत आहे की पोटात? श्वास वर अडकलाय का? शहरातल्या भीतीला चेहरा नसतो. हप्त्यांची, निकालांची, तपासण्यांची भीती दिवसभर बारीक आवाजात चालू राहते आणि तिला संपण्याची वेळ माहीत नसते. वानराची भीती तशी नाही. ते झाडाच्या शेंड्यावरून एका दिशेला बघत ओरडतं, तिथे काहीतरी असतं, ते निघून जातं आणि वानर पुन्हा खायला लागतं. भीतीला सुरुवात आहे, दिशा आहे आणि शेवटही आहे. थांबा. तुमच्या श्वासाची लय परत येईपर्यंत पाऊल उचलू नका. तांबट पुन्हा सुरू झाला की आपणही सुरू करू.

वास येतो आहे. गोड, जड, थोडा आंबूस. मोह. झाड पाहण्याआधी वास पोचतो. पहाटे गळलेली फुलं खाली पडली आहेत, फिकट पिवळी, मांसल, रसाने भरलेली. सकाळी उजाडताच इथे टोपल्या घेऊन माणसं येतात. त्याआधी बहुधा अस्वल येऊन गेलं असेल. मोहाखाली माणूस आणि अस्वल यांची गाठ पडते आणि त्यात दोघांचंही भलं होत नाही. झाडाखालची जमीन काळी दिसतेय का? फुलं नीट वेचता यावीत म्हणून खालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी कधी झाडाखाली थांबत नाही. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे असेच लागतात. वेचणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, आणि ज्यांच्या घरात उन्हाळ्याचे पैसे या फुलांतून आणि पुढे तेंदूपानांतून येतात त्यांना तो देण्याचा अधिकार मला आहे असं मला तरी वाटत नाही. पण सारवलेली जागा किंवा झाडाखाली पसरलेली जुनी साडी हेच काम आगीशिवाय करते, हेही खरं आहे. एक फूल उचला. तोंडात टाकायचं नाही, फक्त दोन बोटांत दाबा. चिकट. तो चिकटपणा बोटांवर तसाच राहू द्या.

आता झाडं विरळ होतात. उजेड बदलतो. समोरून हवा येते, तिला चिखलाचा वास आहे. इटियाडोह.

गाढवी नदीवर हे धरण झालं ते 1970च्या आसपास. त्याआधी इथून नदी जात होती. तिचं जुनं पात्र अजून तिथेच आहे, पाण्याखाली. पण धरण नवं असलं तरी पाणी अडवण्याची रीत इथे नवी नाही. या झाडीपट्टीत काठ माणसानेच घडवलेले आहेत. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी घालून तलाव बांधले. इथून जवळचाच नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. मालगुजारीची जुनी जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, लोकांच्या तोंडी मामा तलाव. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिले आणि तिथले दिवस त्यांनी पुस्तकात लिहून ठेवले. विदर्भाला समुद्र नाही, पण काठाशी बसण्याची सवय या मुलखाला शेकडो वर्षांची आहे.

पाण्याजवळ जा. ते वाटलं होतं त्याहून लांब असेल. आधी उंचावर एक फिकट रेघ लागते, तिथपर्यंत झाडं आहेत. रेघेच्या खाली झाड नाही. मग भेगाळलेली माती, मग गवताची हिरवी पट्टी, मग कुणी तरी केलेली गाळपेर. पाणी ओसरलं की मोकळ्या पडलेल्या गाळात पीक घेतात. मग ओल, आणि शेवटी पाणी. पाण्यापासून हातभर अंतरावर बसा.

बसलात? आता वर त्या रेघेकडे बघा. भाद्रपदात पाणी तिथे असतं. म्हणजे तुम्ही या घडीला काठावर बसलेले नाही, तलावाच्या तळाशी बसलेले आहात. सहा महिन्यांपूर्वी तुमच्या डोक्यावरून मासे गेले. इथे ढीवरांचा डोंगा फिरला असेल. ही गोष्ट मनात नीट बसेपर्यंत थांबा. डोक्यावर पाणी आहे अशी कल्पना करा, हिरवट, गढूळ, त्यातून येणारा मंद उजेड. आणि मग ते पाणी सावकाश, दिवसाला बोटभर, खाली उतरतंय, कपाळावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून, इथपर्यंत.

कोकणातल्या किनाऱ्यावर समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. चंद्र ओढतो आणि सोडतो, साधारण पंचवीस तासांत दोन फेऱ्या होतात. तिथे बसलेल्या माणसाला लाटेची वाट पाहावी लागत नाही. इथे वर्षाला एकच भरती आणि एकच ओहोटी. भरती मृगात सुरू होते, पोळ्याच्या आगेमागे भरात येते. ओहोटी पुढच्या जेठापर्यंत चालते आणि तिच्यात चंद्राचा काही हात नाही. थोडं ऊन नेतं, आणि बरंचसं पाणी माणूस कालव्यांनी नेतो. ते खाली बांध्यांमध्ये जातं, पऱ्ह्यांना जातं, धानाला जातं, गोंदियाच्या आणि पलीकडे गडचिरोलीच्या शिवारांत. समुद्राची ओहोटी समुद्रातच राहते. इथली ओहोटी पोत्यांत भरून बाजारात जाते, आणि कदाचित आज दुपारी तुमच्या ताटात भात होता.

श्वासाकडे या. आत घेतलात, भरती. सोडलात, ओहोटी. मग यातला फरकही पाहा. तुमचा काठ मिनिटाला तीसेक वेळा सरकतो, समुद्राचा दिवसाला चारदा, इटियाडोहाचा वर्षाला दोनदा. तिन्ही एकाच वेळी चाललेले आहेत. सर्वांत संथ हालचाल डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी वरची फिकट रेघ बघावी लागते. तुमच्या घरात, तुमच्या माणसांत अशा किती रेघा असतील, ज्यांच्यापर्यंत कधी काळी पाणी होतं? कुणावर राग धरू नका, कारण शोधू नका. फक्त रेघ बघा आणि पाणी आज कुठे आहे ते बघा. या प्रश्नापाशी हवा तेवढा वेळ घ्या. मी घाई करणार नाही.

चिमूटभर वाळू उचला. मोहाच्या चिकट बोटांना ती लागून बसेल. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची ही नाही. तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. या जिल्ह्यातल्या आमगावचं नाव मिळालेला खडक दोनशे कोटी वर्षांपलीकडचा आहे. ही वाळू अशाच जुनाट खडकांची झीज आहे. बोटांवरचा मोह आज पहाटेचा आणि वाळू तेव्हाची.

पाण्यात हात बुडवा. धुऊन टाका दोन्ही. हे पाणी सांडव्यावरून गेलं तर गाढवीतून वैनगंगेत जाईल. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याशी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी पापी टेकड्यांच्या घळीतून, त्या छेद दिलेल्या येनाच्या रानाजवळून, बंगालच्या उपसागराला जाते. समुद्र इथून असा लागतो.

काठावर एकटं बसलं की आपणच पहिले आलो असं वाटतं. ते खरं नाही. गोठणगावजवळ 1972पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोरग्येलिंग. जगातल्या सर्वांत उंच पठारावरून उतरून ही माणसं या उकाड्यात आली, धान लावायला शिकली, आणि त्यांच्या पताका इथल्या वाऱ्यात फडफडतात. त्याच पठाराकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब नवेगावच्या तलावावर हिवाळ्याला येतात. फाल्गुनात ते परत निघतात. माणसं मात्र इथेच राहिली आहेत. त्यांचा काठ कोणता म्हणायचा, हे त्यांनाच विचारायला हवं. मी उगाच उत्तर देत नाही.

आता उठा. ज्या वाटेने आलात तिनेच परत जा, वाळूच्या रेषांच्या उलट, चढाने. डोंगर आता समोर आहे, चकव्याची भीती नाही. पायांना खोलीतली जमीन जाणवू लागली की डोळे उघडे ठेवून एक लांब श्वास घ्या.

प्रत्यक्ष जायचं मनात आलं तर महाशिवरात्रीला जा, गर्दीबरोबर डोंगर चढा, आणि नेलेलं प्लास्टिक परत आणा. जंगल बघायचं असेल तर नवेगावच्या प्रवेशद्वारावरून परवान्याचं वाहन आणि गाइड घ्या. एकट्याने झाडीत शिरू नका, एखाद्या गावकऱ्याने ‘मी सोबत येतो’ म्हटलं तरी वनरक्षकाला विचारल्याशिवाय नाही. आणि मार्च ते मे या दिवसांत कुठेही धूर दिसला तर वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. तो आत्ताच फोनमध्ये टिपून ठेवा.